रहीमसाहेब : एक मास्तर आणि एक बाप

(कोडोली येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)





मला बोलावण्यास आलेल्या मंडळींनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, एका फुटबॉल शिकविणाऱ्या माणसाविषयी बोलतो. त्यावर एक पालक चटकन म्हणाले, "सर, पोरं आधीच खेळाच्या नादानं बिघडल्यात, तुम्ही आणखी तेल ओतू नका." सगळे हसले, मीही हसलो. परंतु त्या गृहस्थांच्या बोलण्यात काळजी होती, ती मी विसरलेलो नाही. तेव्हा आज प्रथम त्यांना शब्द देतो की, मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते गृहस्थ पदवीधर होते, पेशाने शाळामास्तर होते, आणि वर्गात व मैदानावर वागण्याची त्यांची दोन मापे नव्हती. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. राहणार हैदराबाद.

हे नाव माझ्या कानांवर पहिल्यांदा पडले ते आमच्या थोरल्या चाचांच्या तोंडून. चाचा मुंबईस गिरणीत कामाला होते. वर्षातून एकदा ईदला आणि एकदा उरसाला गावी येत. त्यांच्या ट्रंकेतून आमच्यासाठी खारे शेंगदाणे, बिस्किटे निघत, आणि ती खाता खाता चाचांच्या गोष्टी चालत. त्यांना सिनेमाचा नाद नव्हता. नाद एकच, कूपरेजवर रोव्हर्स कप बघण्याचा. रोव्हर्स कप म्हणजे मुंबईची फार जुनी स्पर्धा, 1891 साली सुरू झालेली. प्रारंभी गोऱ्या पलटणींच्या संघांचीच तिथे मिरास होती. 1937 साली बंगळूर मुस्लिम्स या संघाने ती मोडली आणि कप पहिल्यांदा देशी संघाकडे आला. नंतर 1950 पासून 1954 पर्यंत लागोपाठ पाच वर्षे तो कप एकाच संघाने नेला, हैदराबाद सिटी पोलिस. चाचा सांगत की, कलकत्त्याचे मोठमोठे संघ मुंबईस येत, त्यांच्या नावाचा दबदबा असे, आणि हे हैदराबादचे पोलिस शिपाई त्यांच्यासमोर चेंडू असा फिरवीत की, समोरच्याला तो केवळ दिसे, सापडत नसे. "और बाजू में एक मास्टर खडा रहता," चाचा म्हणत, "चिल्लाता नहीं."

न ओरडणारा प्रशिक्षक. पुढे मी स्वतः व्यायामशिक्षक झालो, पन्हाळा तालुक्यातील एका हायस्कुलात एकतीस वर्षे शिट्टी गळ्यात अडकवून हिंडलो, आणि ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. तेव्हा चाचांच्या त्या दोन शब्दांची किंमत मला कळली.

रहीमसाहेबांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 चा. उस्मानिया विद्यापीठात ते शिकले. आपल्या मराठवाड्यातील कितीतरी जुन्या वकील-शिक्षकांचे विद्यापीठ तेच, कारण तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. विद्यापीठाच्या संघातून ते खेळले. पुढे हैदराबादेतील काचीगुडा, चादरघाट अशा भागांतील शाळांत त्यांनी मास्तरकी केली. मग शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि व्यायामाचे तासही त्यांच्याकडे आले. हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे ते चिटणीस झाले आणि 1950 पासून सिटी पोलिस संघाचे प्रशिक्षक. त्याच सुमारास भारतीय संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे 1963 पर्यंत, त्या जबाबदारीशी त्यांचे नाव जोडलेले राहिले.

हे झाले टिपण. आता मास्तर म्हणून त्यांची खरी ओळख करून घेऊ.

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जण डाव्या पायाने चेंडू मारू शकता? हात वर करा पाहू. ...फार थोडे आहेत. रहीमसाहेबांनी हैदराबादेत मुलांसाठी अशा स्पर्धा भरविल्या की, ज्या पायाने खेळण्याची सवय नाही त्याच पायाने खेळायचे. उजव्या पायाचा पोरगा उजवा पाय वापरील तर चूक धरायची. दुसरी स्पर्धा अशी की, ड्रिबलिंग करावयाचे नाही. चेंडू आला की लगेच दुसऱ्यास द्यायचा. तिसरी ठराविक उंचीखालच्या मुलांसाठी, म्हणजे चणीने लहान असलेल्या पोरांना दांडगी पोरे बाजूस सारणार नाहीत. जरा विचार करा, यात किती शहाणपण आहे! शाळेत आपण काय करतो? ज्या मुलाचे गणित चांगले त्याला गणिताच्या स्पर्धेस पाठवितो आणि निबंध दुसऱ्याकडून लिहून घेतो. रहीमसाहेब कच्च्या बाजूचीच परीक्षा घेत. आणि ती खेळ म्हणून घेत, शिक्षा म्हणून नव्हे, हे महत्त्वाचे.

ही युक्ती मी आमच्या शाळेत करून पाहिली आहे. 1990 च्या आसपास कोठेतरी वाचली आणि दुसऱ्याच दिवशी माळावर पोरांना सांगितले, आज सगळ्यांचा उजवा पाय रजेवर. पहिले चार दिवस नुसता तमाशा झाला. संघाचा कर्णधार, ज्याची उजव्या पायाची किक तालुक्यात प्रसिद्ध, तो चेंडूऐवजी हवेला लाथ मारून पालथा पडला. ज्याला कोणी संघात घेत नसे असा एक डावखुरा मुलगा मात्र त्या दिवशी राजा झाला. महिन्याभरानंतर मला जाणवले की, मुले चेंडू येण्याआधीच मान वर करून बघू लागली आहेत. कारण कच्च्या पायाने फार वेळ चेंडू सांभाळता येत नाही, तो कोणाला द्यायचा हे अगोदरच ठरवावे लागते. चाचा जे सांगत, की चेंडू दिसतो पण सापडत नाही, त्यातील मेख मला त्या माळावर उमगली.

आता एका पराभवाची गोष्ट.

1951 साली दिल्लीस पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे आपल्या संघाने इराणला अंतिम सामन्यात 1-0 असे हरवून सुवर्णपदक घेतले. गोल मेवालालचा. पुढच्याच वर्षी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हाच देश युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा हरला. दहा गोल! आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते, समोर बूट घातलेले धिप्पाड गडी, आणि हवा थंड. प्रशिक्षक रहीमसाहेबच होते. कोल्हापूरकरांना हेलसिंकी म्हटले की वेगळेच आठवते. त्याच ऑलिंपिकमध्ये, त्याच जुलै महिन्यात, आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी असलेल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझपदक मिळविले. त्यांना पाठविण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. एकाच गावी, एकाच महिन्यात, एका मास्तराचा विद्यार्थी पदक घेऊन परतला आणि दुसऱ्या मास्तराचा संघ दहा गोल घेऊन परतला. आपण पहिल्या मास्तरास वंदन करतोच. मला कुतूहल आहे ते दुसऱ्याने परत आल्यावर काय केले याचे.

पराभवाचे खापर नशिबावर, हवेवर फोडणे सोपे होते. त्यानंतर आपल्या फुटबॉलमध्ये बूट घालणे सक्तीचे झाले. पण नुसते बूट घालून भागत नाही. आमच्या शाळेत अकरा खेळाडूंमध्ये सहा जोड बूट होते, त्यामुळे आम्हांस हे चांगले ठाऊक आहे. उन्हातान्हात अनवाणी खेळलेल्या पायाला बूट म्हणजे बेडी वाटते. चेंडूचा स्पर्शच कळत नाही. सगळे नव्याने शिकावे लागते, आणि तेही नाव झालेल्या, पदके मिळविलेल्या खेळाडूंना. रहीमसाहेबांनी हे नव्याने शिकणे स्वतःपासून सुरू केले. जगात खेळ कसा बदलतो आहे हे त्यांनी डोळसपणे पाहिले. ज्या हंगेरीने त्या काळात युरोपला हादरवून सोडले होते, तिची पद्धत अभ्यासली. आघाडीचा मधला खेळाडू मागे ओढायचा म्हणजे समोरचा बचावपटू गोंधळतो, हे डावपेच त्यांनी आपल्या पोरांना समजतील अशा भाषेत शिकविले.

फळ चार वर्षांनी आले. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरविले. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. हा आपल्या मुंबईचा, गोव्याकडील वंशाचा गडी. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोलांचा मान मिळविणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाशी गाठ पडली, आणि या वेळी पहिला गोल आपण केला! शेवटी 4-1 असे हरलो हे खरे, नंतर बल्गेरियाने ब्राँझही हुकविले. पण दहा गोलांवरून इथवर येणे आणि जगात चौथे ठरणे, ही लहान गोष्ट नव्हे. त्यानंतर आजतागायत आपण तिथवर पोचलेलो नाही.

एक लहान गोष्ट सांगतो. सिकंदराबादजवळ अम्मुगुडा म्हणून वस्ती आहे. तेथील तुळशीदास बलराम नावाचा गरीब घरचा पोरगा रहीमसाहेबांच्या नजरेस पडला. सरावास या म्हटले तर हैदराबादला रोज यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. तेव्हा सायकल भाड्याने घेण्यासाठी रहीमसाहेबांनी त्याला पैसे दिले, असे सांगतात. हा बलराम पुढे देशाच्या आजवरच्या श्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला. 2023 साली तो वारला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्यावर रकाने भरले. आपल्याकडे, मित्रांनो, मुलगा सरावास न येण्याचे कारण आपण क्वचितच विचारतो. "आळशी आहे" म्हणून मोकळे होतो.

हे सांगताना मला माझ्याविषयी काही सांगणे भाग आहे. मी ते या गावात आजवर कोणाजवळ बोललेलो नाही.

1986 साली आमच्या शाळेचा संघ तालुक्याच्या अंतिम सामन्यात पोचला होता. माझा थोरला मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा, संघात राखीव खेळाडू. डाव्या बगलेवर खेळणारा पोरगा दुसराच होता. आई रोजगाराला जाई, वडील नव्हते. अंगाने काटकुळा, पण वाऱ्यासारखा पळे. त्या सकाळी मी संघ लिहावयास बसलो आणि दहा नावे लिहिल्यावर अकरावे नाव माझ्या मुलाचे लिहिले. कोणी सांगितले नव्हते. कोणाचा दबाव नव्हता. मनाशी कारणे मात्र तयार होती. त्या पोराचे बूट उसने आहेत, मोठे होतात, घसरेल. माझ्या मुलालाही संधी मिळायला हवी, तो रोज येतो. अशी कारणे माणसाला लगेच सुचतात. सामना आम्ही हरलो. पण माझे दुःख ते नव्हे, जिंकलो असतो तरी गोष्ट तीच राहिली असती. तो पोरगा उसने बूट घालून, नाड्या बांधून, संपूर्ण सामना रेषेबाहेर उकिडवा बसून होता. शेवटपर्यंत त्याने नाड्या सोडल्या नाहीत.

घरी आलो. जेवताना मुलाच्या आईने एवढेच विचारले, "वो लडका कायकू नै खेल्या?" मी म्हटले, पाय दुखत होता. ताटावर बसलेल्या माझ्या मुलाने मान वर केली, माझ्याकडे बघितले आणि पुन्हा खाली घातली. त्यानंतर तो कधी फुटबॉल खेळला नाही. मी कारण विचारले नाही, त्याने सांगितले नाही. आणि तो दुसरा पोरगा? तो सरावास यायचा थांबला. पुढच्या जूनमध्ये शाळेच्या पटावरही त्याचे नाव दिसले नाही. ट्रकवर क्लीनर म्हणून गेल्याचे कळले. मी त्याच्या घरी गेलो नाही. आळशी असेल, असे मीही मनात म्हटले असेल.

ही जुनी जखम उघडी पडली ती 2021 च्या ऑगस्टमध्ये. वर्तमानपत्रात बातमी आली की, माजी ऑलिंपिक फुटबॉलपटू एस. एस. हकीम यांचे 22 ऑगस्टला गुलबर्गा येथे निधन झाले. सय्यद शाहिद हकीम म्हणजे रहीमसाहेबांचे चिरंजीव. हवाई दलात ते स्क्वाड्रन लीडरच्या हुद्द्यापर्यंत पोचले, आंतरराष्ट्रीय पंच झाले, 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत पी. के. बॅनर्जींच्या जोडीला साहाय्यक प्रशिक्षक होते, मुंबईच्या महिंद्र संघासही त्यांनी शिकविले, आणि 2017 मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. सारे आयुष्य त्यांनी बापाच्याच वाटेवर काढले. त्या बातमीत एक ओळ होती. 1960 च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय संघात हकीम होते, पण त्यांना एकाही सामन्यात खेळावयास मिळाले नाही. प्रशिक्षक होते त्यांचे वडील.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. रोममध्ये आपले तीन सामने झाले. हंगेरीशी 2-1 ने हरलो, फ्रान्सशी 1-1 अशी बरोबरी झाली, पेरूशी 3-1 ने हरलो. आजच्यासारखी सामना चालू असताना खेळाडू बदलण्याची सोय तेव्हा नव्हती. अकरा उतरले की अकराच. तीन वेळा तो कागद रहीमसाहेबांच्या पुढ्यात आला असेल, तीन वेळा त्यांनी अकरा नावे लिहिली असतील. तिसऱ्या सामन्याच्या वेळी तर दोन सामन्यांतून एकही विजय हाती नव्हता. त्या दिवशी स्वतःच्या मुलाचे नाव लिहिले असते तर जगात कोणी बोट ठेवले नसते. संघात निवडलेला खेळाडू तो, हक्काचाच होता. ऑलिंपिक काही पुन्हा पुन्हा येत नाही. हकीमना ते पुन्हा आले नाही. बाप हे जाणून असणारच. तरी त्यांनी ते नाव लिहिले नाही.

बाप-लेकात त्या रात्री काय बोलणे झाले असेल, याचा मी पुष्कळ विचार करतो. काही झालेही नसेल. पण मुलाने बापाचा खेळ सोडला नाही, एवढे आपल्यासमोर आहे. माझ्या मुलाला मी खेळविले आणि त्याने खेळ सोडला. पालकहो, याचा अर्थ तुम्ही लावा, मला तो नीटसा लावता येत नाही.

आता जकार्ता. याच्याशिवाय रहीमसाहेबांची गोष्ट पुरी होत नाही, आणि चित्रपट पाहिलेली मुले तेवढ्याचीच वाट बघत बसली आहेत, हे मला समोरून दिसते आहे. 2024 साली 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट निघाला, अजय देवगणने त्यात रहीमसाहेबांचे काम केले. जरूर बघा, पण चित्रपट तो चित्रपट. खरे घडले ते कमी नाट्यमय नव्हते.

1962 ची आशियाई स्पर्धा. इंडोनेशिया सरकारने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश दिला नव्हता. आपले एक वजनदार क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर आक्षेप घेतला. झाले, सारे जकार्ता शहर हिंदुस्थानच्या विरुद्ध पेटले. आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. अशा वातावरणात आपला संघ पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून 2-0 असा हरला. मग थायलंडला 4-1 ने नमविले, पण त्यात जर्नेलसिंगचे डोके फुटून टाके पडले. जपानला 2-0 ने हरविले, उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला 3-2 ने. अंतिम सामना 4 सप्टेंबरला, पुन्हा त्याच कोरियाशी.

जर्नेल हा बचावाचा खांब. टाके पडलेल्या डोक्याने तो मागे झुंजणे अवघड. दुसरा कोणी असता तर त्याला विश्रांती दिली असती. रहीमसाहेबांनी त्याला बगलेला न बसविता पुढे, आघाडीच्या मध्यावर खेळविले. गोलरक्षक थंगराज आजारातून उठलेला, उंच, त्याला अंतिम सामन्यासाठी परत आणले. मधल्या फळीत गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको होता, आपल्या मुंबईच्या मैदानांवर घडलेला. सुमारे लाखभर प्रेक्षक, आणि जवळजवळ सगळे विरोधात. त्या गर्दीत आपल्या बाजूने आवाज होता तो पाकिस्तानच्या हॉकीपटूंचा, असे आपले खेळाडू पुढे कृतज्ञतेने सांगत. सामन्याच्या सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला. विसाव्या मिनिटाला दुसरा, तो जर्नेलचा! कोरियाने अखेरीस एक फेडला. 2-1. कर्णधार चुनी गोस्वामी. तेव्हापासून आजवर आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्ण आपण पुन्हा पाहिलेले नाही.

त्या वेळी रहीमसाहेबांचे शरीर आतून पोखरले गेले होते. फुप्फुसाचा कर्करोग. त्यांना सिगारेटची सवय होती. मुलांनो, थोरांच्या सगळ्याच गोष्टी उचलायच्या नसतात, हेही ऐकून ठेवा. सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी खेळाडूंकडे एक भेट मागितली, उद्याचे सुवर्ण, असे त्या संघातील लोक सांगत. 11 जून 1963 रोजी, म्हणजे सुवर्णानंतर पुरे वर्षही न उलटता, ते अल्लाला प्यारे झाले. वय अवघे त्रेपन्न. हयातीत मोठा किताब त्यांच्या वाट्यास आला नाही. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तोच 1985 साली. त्यांच्या हाताखाली खेळलेले पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः देशाचे मोठे प्रशिक्षक झाले.

आपल्या कोल्हापूरला फुटबॉल नवा नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, ही नावे घेतली की शाहू स्टेडियमवरचा गुलाल आठवतो. मुळात तालमीच्या नावाने फुटबॉल खेळणारे शहर जगात दुसरे कोठे असेल असे मला वाटत नाही. ज्या शाहू महाराजांच्या नावाचे ते मैदान, त्यांनीच 1906 साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी बोर्डिंग काढले. याच जिल्ह्याचा अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. तेव्हा ज्या पालकांनी मला तेल न ओतण्याविषयी बजावले, त्यांना सांगतो : पोराला संध्याकाळचा तास द्या, आणि दिवेलागणीला पुस्तक घेऊन बसवा. रहीमसाहेबांच्या हातांत सकाळी खडू असे आणि संध्याकाळी चेंडू. मुलींच्या बाबतीतही हेच म्हणतो, आणि ते का, हे आता सांगून थांबतो.

गेल्या पावसाळ्यात वारणेच्या बाजारात एक गृहस्थ समोर आले. डोक्यावर टोपी, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. "सर, वळखलं का?" मी ओळखले नाही. त्यांनी नाव सांगितले आणि माझ्या हातातील पिशवी खाली आली. तोच तो, 1986 चा. आता स्वतःचे दोन टेम्पो आहेत. मी काहीतरी बोलण्याचा प्रयत्न केला, त्या सामन्याविषयी. मला एवढेच म्हणता आले की, त्या दिवशी नाव तुझेच होते, मी खोडले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ठावं हाय मला." पुढे त्यावर काहीही बोलले नाहीत. जाता जाता वळले आणि म्हणाले, "सर, नात हाय माझी, धा वर्षाची. पोरांत खेळती. जरा बघा की एकदा येऊन."

मी रविवारी सकाळी जातो. ओल्या माळावर विटांचे गोल करून पोरे खेळतात. ती मुलगी डाव्या पायाची आहे. गेले चार महिने आम्ही उजव्यावर मेहनत करीत आहोत.